एक्केचाळीस पेट्या

गुरुवार, ११ मे.
सहाला उठले. चौकातला मुख्य पाइप फुटला, आठ ते अकरा पाणी बंद. अकराला आले ते आधी हवा सोडत, मग पिवळट, मग स्वच्छ. माळी सातला आला, बागेच्या टाकीत खत कालवून गेला. मुलाचा फोन, तब्येत बरी. उतारावरच्या शिलाईवालीच्या तीन महिन्यांच्या बाळाला दुपारी दवाखान्यात नेले, ओठ निळे पडले होते म्हणे. चष्म्याची दांडी सैल झाली आहे.

ही नोंद लिहिली तेव्हा तिच्यातल्या ओळींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नाही. पाइप फुटणे ही एक गोष्ट, बाळ आजारी पडणे ही दुसरी. सत्तर वर्षे मी रोज अशाच एकाखाली एक ओळी लिहीत आले आहे. दोन दिवसांनी संबंध लागला, आणि तो ज्यांच्यावर शेकला त्या माणसाविषयी मला लिहायचे आहे.

सगळे त्यांना काटेकाका म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हे. त्यांच्या खांद्यावरच्या चामड्याच्या पिशवीत पाण्याचा दाब मोजायचे एक गेज असे. वाटीएवढी तबकडी, तिच्यावर काळा काटा, आणि खाली लोंबणाऱ्या तीन रबरी नळ्या. गल्लीतली मुले मुद्दाम विचारत, "काका, किती वाजले?" काका तबकडी डोळ्यांजवळ नेत आणि तोंड गंभीर ठेवून सांगत, "शून्य वाजलेत. पळा शाळेत."

बागेच्या पाण्याच्या पेट्या तपासणे हे त्यांचे काम. ज्यांच्या घरी जमिनीखालून पाइप टाकून स्प्रिंकलर बसवलेले आहेत, त्यांच्या मागच्या अंगणात एक हिरवी लोखंडी पेटी असते. बागेतले पाणी उलटे फिरून घरच्या, आणि घरातून रस्त्याच्या पाइपात जाऊ नये, म्हणून तिच्यात एक जाडजूड पितळी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. वर्षातून एकदा परवानाधारक माणसाने तो तपासायचा आणि पेटीच्या कडीला अडकवलेल्या पत्र्याच्या चकतीवर तारीख ठोकायची, असा पाणीपुरवठा कार्यालयाचा नियम. आमच्या भागात अशा एक्केचाळीस पेट्या, आणि एक्केचाळीसही काकांकडे.

लोक कुरकुरत. "एवढ्याशा हिरवळीला एवढी मोठी पेटी? आत काय मोहरा पुरून ठेवल्यात का?" आमच्या ह्यांचेही सुरुवातीला तेच म्हणणे होते. ह्यांना बागेचा नाद. निवृत्त झाल्यावर स्वतः नकाशा काढून ह्यांनी मागच्या अंगणात नऊ स्प्रिंकलर बसवून घेतले होते, टायमरसकट. पेटीचे नाव काढल्यावर हे म्हणाले, "मिस्त्री, पाणी वरून खाली येतं हो. ते उलटं कशाला जाईल? त्याला काय वेड लागलंय?"

काका वाद घालत नसत. त्यांनी माझ्याकडून शाईची बाटली मागून घेतली. बादलीत पाणी भरून शाई ओतली, बागेचा रबरी पाइप नळाला लावून त्याचे दुसरे टोक बादलीत बुडवले आणि नळ उघडा ठेवला. मग रस्त्याकडची मुख्य चावी बंद केली आणि फाटकाजवळचा खालचा नळ सोडला. आमचे घर गल्लीत सगळ्यांत वर, चढाच्या टोकाला. फाटकाचा नळ अंगणापेक्षा कमरेइतका खाली. थोडे स्वच्छ पाणी आले, आणि मग फाटकाच्या नळातून निळे पाणी येऊ लागले. बादली हळूहळू रिकामी होत गेली.

हे बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी माझी बाग मलाच पाजतोय की!"

"तुम्हालाच नाही साहेब," काका म्हणाले, "खाली अकरा घरं आहेत. पाण्याला अक्कल नसते. उतार दिसला की ते निघालं. तिथे खत आहे, कुत्र्याची घाण आहे, की औषध आहे, ते बघत नाही."

त्या दिवसापासून हे काकांचे शिष्य झाले, आणि नव्या शिष्यासारखेच अंमळ जास्त बोलू लागले.

काकांचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे कापड रंगवायच्या कारखान्यात पाइपांचे काम. तिथे एकदा दुपारच्या सुट्टीत पिण्याच्या नळाला गुलाबी पाणी आले. रंगाच्या कुंडातला पाइप वर उचलायचा राहिला होता आणि पंप मध्येच बंद पडला होता. "सगळे हसले, बाई," त्यांनी मला सांगितले होते. "सरबत आलं म्हणाले. चौघांनी तर ओंजळ धरून प्यायलं. त्यातला एक माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा. तो पुन्हा कामावर आला नाही." एवढेच सांगून ते उठले. त्या माणसाचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

मला ते बाई म्हणत, त्याला कारण होते. या घटनेच्या एकवीस वर्षे आधी परवान्याची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिचे पुस्तक सगळे इंग्रजीत होते. ते घेऊन काका ह्यांच्याकडे आले. हे म्हणाले, "माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. ही कॉन्व्हेंटात शिकलीय. स्वप्नातसुद्धा व्याकरण चुकत नाही तिचं." अकरा दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि ते वहीत शब्द न लिहिता चित्रे काढायचे. व्हॉल्व्हची गोष्ट त्यांनी स्वतःच्या भाषेत बसवून घेतली. एक दरवाजा, मग मधली खोली, मग दुसरा दरवाजा. दोन्ही दरवाजे फक्त बागेच्या बाजूला उघडतात. मधल्या खोलीच्या जमिनीला एक भोक. दरवाजात वाळूचा कण अडकला, रबर झिजले आणि दार नीट लागेनासे झाले, तर पाणी त्या भोकातून बाहेर अंगणात गळते, पण घराकडे परतत नाही.

"म्हणजे भोक हा राखणदार," ते म्हणाले. "तो बोलायला लागला की समजायचं, दाराचं काहीतरी बिनसलंय."

त्याच पानावर खाली एक वाक्य ठळक छापलेले होते. ते भोक कोणत्याही कारणाने बुजवू नये. काकांनी ते मला दोनदा वाचायला लावले. त्या दिवशीच्या डायरीत मी ते उतरूनही ठेवले आहे.

ते पहिल्या खेपेला पास झाले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ काढून नवा पितळी बसवला. "गुरुदक्षिणा," म्हणाले. त्यांची बायको, मिस्त्रीणबाई, तोंडाने फटकळ. ती बरोबर आली होती. "आमच्या मोरीतला नळ चार वर्षं ठिबकतोय," ती म्हणाली. "तिथे दक्षिणा द्यायला कोणता गुरू आणू ते सांगा."

पुढे ह्यांनी बागेच्या पाइपाला खताची टाकी जोडली, म्हणजे पाण्याबरोबर खतही आपोआप झाडांना जावे. काकांनी तेव्हाच बजावले होते, "खत आलं म्हणजे आता ही पेटी शोभेची नाही. आता हिच्या भरवशावर माणसं आहेत." दर फेब्रुवारीत ते येत, पेटी उघडत, गुडघ्यावर बसून तिन्ही नळ्या जोडत आणि काट्याकडे बघत राहत. त्या वेळी त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नसे. सतरा वर्षे आली-गेली. माझ्या डायरीत दर वर्षी एकच ओळ आहे. मिस्त्री आले, पेटी ठीक.

बाळाच्या दुखण्याच्या आदल्या वर्षी हे आजारी पडले. ऑक्टोबरात अंथरुणाला खिळले. ऊन यावे म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी हलवली. खिडकीखालीच पेटी. आणि नेमकी तेव्हाच पेटी ठिबकू लागली. टप, टप, फरशीवर. ह्यांना झोप अशी तासभराचीच यायची, ती त्या आवाजाने मोडायची. हे काही म्हणत नसत, नुसते डोळे उघडून छताकडे बघत. माळ्याला सांगितले तर तो म्हणाला, "मिस्त्रींना बोलवा." मिस्त्री त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होते.

त्यानंतरच्या चार महिन्यांतले मला फार थोडे आठवते. औषधाच्या वेळा, चादरी, ह्यांचे पाय. २ फेब्रुवारीला सकाळी हे गेले.

मे महिन्याच्या तेरा तारखेला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की बाळाच्या रक्तात खताचा अंश मिसळला आहे. शिलाईवालीला अंगावरचे दूध पुरत नव्हते, म्हणून ती डब्यातल्या दुधाची भुकटी नळाच्या पाण्यात कालवून पाजायची. अकरा तारखेला तिने दोन बाटल्या पाजल्या होत्या. मोठ्या माणसाला त्या पाण्याने काही होत नाही. तान्ह्या बाळाचे रक्त मात्र त्यामुळे प्राणवायू धरू शकत नाही. पाणी उकळले होते का, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, हो, उकळले होते. खत उकळून जात नाही.

त्याच संध्याकाळी पाणीपुरवठ्याचे साहेब दोन माणसे घेऊन आले. चढावरच्या घरापासून शोध सुरू झाला आणि तिथेच संपला. चौकात पाइप फुटला तेव्हा गल्लीतला दाब गेला, आणि आमच्या टाकीतले खत पेटीतून मागे फिरून उताराने खाली गेले होते. साहेबांनी आमची पेटी उघडली. व्हॉल्व्हचे दोन्ही दरवाजे वाळूने खाल्लेले होते, आणि मधल्या भोकात एक बूच ठोकलेले होते. कापडात गुंडाळून, वरून खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी लिंपून, अगदी नीटनेटके.

काकांना बोलावून घेतले. ते आले, पेटीपाशी बसले आणि आत बघत राहिले. कडीला चकती होती. तिच्यावर ६ फेब्रुवारी, आणि त्यांचा क्रमांक.

"गळतीच्या तक्रारी नकोत म्हणून बुजवलंत होय?" साहेब म्हणाले. "एकवीस वर्षांचा परवाना तुमचा. तुम्ही? तुम्ही बूच मारलंत?"

काका म्हणाले, "चकती माझीच आहे."

"मी बुचाचं विचारतोय."

काकांनी चकतीवरची माती अंगठ्याने पुसली. साहेब माझ्याकडे वळले. "आजी, या पेटीला घरातल्या कुणी हात लावला होता का?"

माझा मुलगा आदल्या दिवशीच सुट्टीला आला होता. माझ्या आधी तोच म्हणाला, "छे! आम्ही कशाला लावू? आम्हाला त्यातलं काय कळतं?" मीही मान हलवली, नाही म्हणून. मी खोटे बोलत नव्हते. मला खरोखरच काही आठवत नव्हते.

साहेबांनी बूच उपसून वर्तमानपत्रावर ठेवले. तेव्हा त्याचे कापड सुटले. काकांची नजर त्या कापडावर गेली आणि लगेच बाजूला झाली. ते झटकन उठले, पिशवी खांद्यावर टाकली आणि निघून गेले. मी वाकून बघितले. पांढरा रुमाल, आणि कोपऱ्यात उलट्या टाक्याची निळी वेल. ह्यांच्या सगळ्या रुमालांवर ती मीच भरलेली आहे.

सगळे गेल्यावर मी ऑक्टोबरची पाने काढली.

'रविवार, ९ ऑक्टोबर. पेटीची गळती बंद केली. बाटलीचे बूच, ह्यांचा जुना रुमाल, लांबी. दुपारी हे अडीच तास झोपले.'

अडीच तासांखाली मी रेघ मारलेली आहे. मी वाचत होते तरी ते करणारी बाई मला दिसेना. एवढेच दिसले की जिने ते पुस्तक वाचून दाखवले, दोनदा वाचून दाखवले, तिनेच ते केले.

पाने उलटत मी फेब्रुवारीपर्यंत आले.

'सोमवार, ६ फेब्रुवारी. भेटायला चौदा माणसे. मिस्त्री आले, दाराशी बसून राहिले, चहा घेतला नाही. आज पेटीचं राहू द्या, म्हणाले. जाताना मागे जाऊन चकतीवर तारीख घातली. झाकण उघडले नाही. मी खिडकीतून बघितले.'

दोन्ही पाने मी मुलाला दाखवली. त्याने ती वाचली, चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आई, ही पानं दाखवायची नाहीत. दाखवलीस तर मिस्त्री संपले. त्यापेक्षा असं कर. बूच तू मार्चमध्ये मारलंस, असं सांग. म्हणजे त्यांनी तपासलं तेव्हा पेटी ठीक होती. चूक तुझी एकटीची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला, नवरा गेलेल्या बाईला, कोण काय करणार आहे?"

"आणि डायरी?"

"ती कुणी बघितलीय? घरातली गोष्ट घरात."

त्याचे बोलणे मला पटले, हे मी लपवत नाही. शाळेत सिस्टर आम्हाला डायरी लिहायला लावत, तेव्हा सांगत, तारीख आधी, मग बाकीचं. मी आयुष्यात एकही तारीख खोटी घातलेली नाही. पण एका भल्या माणसाच्या पोटासाठी आणि नावासाठी एक घालावी, असे मी त्या दिवशी ठरवले होते. फक्त त्यांना सांगून घालावी, म्हणजे आमच्या दोघांच्या बोलण्यात फरक पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. भिंतीवर परवाना चौकटीत लावलेला, आणि खाली खिळ्याला गेजची पिशवी. मिस्त्रीणबाई मला बघून उठली नाही.

"या," ती म्हणाली. "इंग्रजी वाचून पास केलंत, आता नापास करायला आलात का?"

"अगं, बसू दे त्यांना," काका म्हणाले.

मी डायऱ्या काढल्या. दोन्ही पाने वाचून दाखवली. मिस्त्रीणबाईने पदर तोंडाला लावला. मग मी मुलाचा बेत सांगितला. मी मार्च म्हणेन, तुम्ही पेटी ठीक होती म्हणा.

काकांनी स्वतःचे हात उलटे करून बघितले. नखांत कायमचा काळा रंग, तो कारखान्याचा की पाइपांचा कोण जाणे.

"बाई," ते म्हणाले, "रुमाल मी ओळखला होता. मी बोलणार नव्हतो. म्हटलं, साहेब गेलेत, बाई एकट्या आहेत, जाऊ दे, आपल्यावर येतंय तर येऊ दे."

"म्हणूनच तर मी आलेय."

"नाही, ऐका. मी तुमच्या घरी पेटी उघडली नाही. का उघडली नाही? चार दिवसांपूर्वी साहेब गेलेले, घरात माणसं, अशा वेळी अंगणात पाना-हातोडा वाजवायचा? बरं दिसत नाही. तुमच्याकडे सगळं नेहमी जागच्या जागी, तिथे काय बिघडायचंय? असं म्हणून ठोकली तारीख." त्यांनी गुडघा चोळला. "आता मला सांगा, गेल्या वर्षभरात मी असं आणखी किती ठिकाणी केलं?"

मी डायरी मिटली.

"मलाच आठवत नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून केलं असणार. जिथे लोक चांगले आहेत, पाणी विचारतात, खुर्ची देतात, तिथेच केलं असणार. खडूस माणसाच्या घरी मी दोनदा तपासतो. तुमच्यासारखी वही माझ्याकडे नाही." ते उठून पिशवीजवळ गेले आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. "तुम्ही मार्च म्हणालात तर मी सुटलो. मी सुटलो की बाकीच्या चाळीस पेट्या कोण उघडणार? चकत्या आहेत ना त्यांच्यावर. माझ्या."

"उद्यापासून तू स्वतः जाऊन उघड ना!" मिस्त्रीणबाई ओरडली. रागावली की ती त्यांच्याशी एकेरीवर येत असे. "गुपचूप. एकेक करून. कोण विचारतंय?"

"चाळीस पेट्या, या गुडघ्यांनी? दोन महिने लागतील. तोवर कुठे पाइप फुटला तर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खालच्या त्या पोरीने पाणी उकळलं होतं, बाई. तिने तिच्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. दोन्ही पानं दाखवा."

मिस्त्रीणबाई रडू लागली. रडतानाच तिने माझ्यासमोर चहा आणून आपटला, तो मी प्यायले.

घरी जाण्याआधी मी शिलाईवालीच्या दारात गेले. बाळ आदल्या दिवशी घरी आले होते, झोळीत झोपले होते. ओठ बाळाच्या ओठांसारखे होते. मी तिला उभ्या उभ्याच सांगितले. बूच मी मारले. का मारले ते सांगायला लागले, तर तिने हात वर केला.

"आजी, ते नको," ती म्हणाली. "आजोबांना झोप लागत नव्हती हे मी ऐकून काय करू? चार दिवस मी झोपले नाही." मशीनवरचे कापड तिने सरळ केले, पुन्हा वाकडे केले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आता जा."

मी घरी आले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ती समोरून आली तर मान हलवते.

२ जूनला कार्यालयात सुनावणी झाली. लांब टेबल, तीन माणसे, आणि वर्तमानपत्रावर आमचा व्हॉल्व्ह सुटा करून ठेवलेला, मासा चिरून ठेवावा तसा. मी दोन्ही पाने वाचली. मधल्या माणसाने डायरी मागून घेतली आणि तारखा स्वतः बघितल्या. मग त्याने काकांना विचारले, "यावर तुम्हाला काही म्हणायचंय?"

"पानं खरी आहेत," काका म्हणाले. "आणि माझ्या बाकीच्या चाळीस पेट्या आजच्या आज दुसऱ्या माणसांकडून उघडून घ्या. चकत्यांवर विश्वास ठेवू नका."

"तुम्ही स्वतःच्याच कामाविरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"कामाविरुद्ध नाही, साहेब. चकत्यांविरुद्ध."

टेबलाच्या कडेला बसलेला एक तरुण अधिकारी हसला. काका हसले नाहीत, तसा तोही थांबला.

परवाना रद्द झाला. पेटीत बूच मारल्याचा ठपका त्यांच्यावरून काढला, न तपासता तारीख घातल्याचा ठेवला. आमच्या बागेची जोडणी तोडायचा हुकूम झाला आणि मला लेखी ताकीद मिळाली. चाळीस पेट्या पाच दिवसांत चार माणसांनी उघडल्या. सहा नादुरुस्त निघाल्या. त्यातल्या एकीत, गोड बोलणाऱ्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला होता. त्यांच्या टाकीत कीटकनाशक होते. हे सगळे मला नंतर कळले.

पण २ जूनला सुनावणी संपल्यावर आम्ही दोघे कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे होतो, तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. काकांनी खिशातून तो छोटा पोलादी शिक्का काढला, ज्याने ते चकतीवर क्रमांक ठोकत. तो परत करायचा होता. आत जाऊन देऊन आले. बाहेर येऊन म्हणाले, "बाई, नळ गळला, संडास तुंबला तर सांगा. त्याला परवाना लागत नाही."

मी म्हटले, "सांगेन."

"आणि गुडघ्यांना काय लावायचं ते इंग्रजीत कुठे लिहिलं असेल तर वाचून ठेवा." एवढे बोलून ते बसथांब्याकडे गेले. पिशवी खांद्यावर तशीच होती. गेज त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते.

त्यानंतर ते दोन वर्षे जगले. नळ, मोऱ्या, टाक्या असली कामे केली. कुणाच्याही घरी काम संपल्यावर ते घरच्या माणसाला जवळ बोलावत, सगळे उघडून दाखवत, आणि मगच झाकत. लोकांना कंटाळा येई. "दिसतंय हो काका, लावा आता," म्हणत. तरी ते दाखवत.

सुनावणीच्या दिवशी मी चारला घरी पोहोचले, तेव्हा पाणीपुरवठ्याची माणसे बागेचा पाइप कापून, टोकाला टोपण बसवून निघून गेली होती. अंगणात ओली माती उकरून पडली होती. त्या संध्याकाळच्या पानावर सुनावणीच्या सात ओळी आहेत, आणि शेवटी ही:

'बागेला झारीने पाणी घातले. बावीस झाऱ्या लागल्या. कुंपणाकडच्या दोन वाफ्यांना घालायचे राहिले.'